रायफलचा कॅमोफ्लाज रंग: नक्षी सोपी, तयारी अवघड

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस टोपीपासून बुटापर्यंत पानाफांद्यांच्या छापाचे कपडे चढवतो आणि मग हातात मीटरभर लांब, सरळसोट, काळीभोर, वरून तेलाने चमकणारी रायफल घेतो. रानात काळा रंग तसा कमीच. झाडाच्या सावल्यासुद्धा काळ्या नसतात, त्यात तपकिरी, हिरवा, करडा मिसळलेला असतो. त्यात ही काळी रेघ आडवी धरलेली, आणि वर ती हलते. म्हणून तिकडे रायफलला कॅमोफ्लाज रंग मारून देणारी छोटी छोटी वर्कशॉप गावोगाव दिसतात. माझा संबंध बंदुकीपेक्षा रंगकामाशी जास्त, त्यामुळे मला या कामातली खरी गंमत नक्षीत नाही तर नक्षीच्या खाली काय काय करावं लागतं त्यात वाटते. तरी आधी नक्षीचं बोलू, कारण गिऱ्हाईक तेच विचारतं.

कॅमोफ्लाज म्हणजे हिरव्यात हिरवं मिसळणं अशी सर्वसाधारण समजूत असते. नुसतं तेवढं केलं तर काम अर्धंच होतं. संपूर्ण रायफल एकाच शेवाळी रंगात रंगवली तरी तिची बाह्यरेषा जशीच्या तशी राहते, आणि डोळा वस्तू ओळखतो तो मुख्यतः बाह्यरेषेवरून. म्हणून दुसरं काम म्हणजे ती रेषा तोडणं. फिकट आणि गडद रंगांचे मोठे डाग असे टाकायचे की ते नळीच्या कडेवरून आरपार जातील. म्हणजे नळीचा एक तुकडा मागच्या वाळलेल्या गवतात विरतो, दुसरा सावलीत विरतो, आणि मधे नळी अशी उरत नाही. डाग कडेच्या आत नीट बसवले की नक्षी छान दिसते आणि रायफलही छान दिसते. लपत मात्र नाही.

तिसरी गोष्ट सावलीची. प्रकाश वरून येतो, त्यामुळे कोणत्याही गोल वस्तूचा वरचा भाग उजळ आणि पोट काळपट दिसतं, आणि त्यावरूनच ती गोल आहे हे आपल्याला कळतं. कितीतरी प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते हा फरक पुसण्यासाठी, असं ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली मांडलं. पुढे ब्रिटनचे प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी हे तोफेवर करून दाखवलं. ऑगस्ट १९४० मध्ये रेल्वेवरच्या दोन १२ इंची तोफा रंगवल्या गेल्या: एक लष्कराच्या नेहमीच्या पद्धतीने, दुसरी कॉट यांच्या पद्धतीने, म्हणजे वर गडद, खाली फिकट आणि कडा तोडणारे डाग. विमानातून फोटो काढले तेव्हा पहिली तोफ सहज दिसली, दुसरी शोधावी लागली. रायफल रंगवणारा जाणता कारागीर आजही नळीच्या आणि दस्त्याच्या खालच्या बाजूला फिकट छटेचा हलका फवारा मारतो तो याच कारणाने. बहुतेक गिऱ्हाइकांच्या ते लक्षातही येत नाही.

आणि डागाचा आकार. हातात धरून बघताना बारीक नक्षी फार मोहक वाटते, पण पन्नास पावलांवर जाऊन बघितलं की सगळे बारीक ठिपके मिसळून एकच मध्यम रंग होतो आणि बाह्यरेषा परत उठून दिसते. अमेरिकी लष्कराने २००४-०५ च्या सुमारास आणलेल्या बारीक चौकटींच्या करड्या-हिरवट गणवेशावर हाच आक्षेप होता. वाळवंट, जंगल, शहर सगळीकडे एकच चालेल म्हणून तो आणला, आणि तो कुठेच धड चालला नाही. अफगाणिस्तानातल्या सैनिकांना २०१० मध्ये त्याऐवजी मल्टिकॅम ही सात रंगांची, मोठ्या डागांची आणि एकमेकांत विरत जाणाऱ्या छटांची नक्षी दिली गेली. आजही रायफलवर सर्वांत जास्त मागणी असलेल्या नक्षींमध्ये मल्टिकॅम आहे. माझं मत विचाराल तर रायफलसारख्या अरुंद वस्तूवर सात रंगांची गरज नाही. मातकट, शेवाळी आणि गडद तपकिरी, तिन्ही मंद आणि डाग हाताच्या पंजाएवढे: एवढं पुरतं.

आता हरणाची बाजू. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत रायफलने शिकार करायच्या दिवसांत भडक केशरी जॅकेट आणि टोपी घालणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून गोळी घालू नये. मग कॅमोफ्लाज कपडे आणि रंगवलेली रायफल यांना अर्थ काय उरला? उरतो, कारण हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन नसून दोनच प्रकारच्या असतात. एक निळ्याला, साधारण ४५५ नॅनोमीटरला, आणि दुसरी हिरव्या-पिवळ्याला, ५३७ च्या आसपास, सर्वाधिक प्रतिसाद देते. केशरी रंग त्याच्या पलीकडचा. आपल्याला डोळ्यांत खुपणारं केशरी जॅकेट हरणाला मळकट गवतासारखंच काहीतरी दिसतं. निळं मात्र त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि आपल्या डोळ्याचं भिंग जे अतिनील किरण अडवतं त्यातले काही हरणाच्या भिंगातून आत जातात. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी द्रव्यं घालतात ती निळसर चमकतात, म्हणून जाणते शिकारी शिकारीचे कपडे त्या पावडरीत धूत नाहीत. रायफलला रंग निवडतानाही हाच न्याय लावावा: हिरवा-तपकिरी अमुक छटेचा की तमुक यावर तासभर घालवण्यापेक्षा निळसर करडा टाळावा आणि चकाकी घालवावी. हरणाला रंगापेक्षा चमक आणि हालचाल आधी कळते.

रंग चढवायच्या वाटा तीन.

सर्वांत स्वस्त म्हणजे स्प्रेचा डबा. दुकानात मिळणारा मॅट रंग, मास्किंग टेप, कपडे धुवायची जाळीची पिशवी आणि बांधावरून तोडून आणलेलं गवत एवढ्यावर काम होतं. फिकट रंग सगळीकडे मारायचा, वर गवत किंवा जाळी धरून गडद रंगाचे एक-दोन फवारे द्यायचे. डबा २५-३० सेंटिमीटर लांब धरायचा, हात थांबू द्यायचा नाही, ओघळ येता कामा नये. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांनी आपल्या रायफली अशाच रंगवल्या. हा रंग पटकन खरवडतो, नळी तापली की काळवंडतो, बंदूक साफ करायच्या द्रावणाने निघतो. पण निघतो म्हणूनच तो बरा: मोसम बदलला, पुसला, पुन्हा मारला. आणि खरवडलेली रायफल रानात जास्तच खपून जाते.

दुसरी वाट पाण्यातून. पाण्यात विरघळणाऱ्या पातळ फिल्मवर नक्षी छापलेली असते. कोमट पाण्याच्या टाकीवर ती पसरायची, विरघळू लागली की वर एक द्रावण फवारायचं, म्हणजे पाण्यावर फक्त शाईचा तवंग उरतो. त्यातून दस्ता तिरका धरून सावकाश खाली न्यायचा, आणि नक्षी सगळ्या वळणांवर आपोआप गुंडाळली जाते. वरून पारदर्शक मॅट थर. गाड्यांच्या डॅशबोर्डवरची खोटी लाकडाची नक्षी याच तंत्राची. झाडाच्या सालीचा, पानांचा फोटोसारखा हुबेहूब छाप हवा असेल तर दुसरा इलाज नाही. रिअलट्री आणि मॉसी ओक या १९८६ मध्ये सुरू झालेल्या दोन अमेरिकी कंपन्यांचे छाप यात सर्वांत प्रसिद्ध. दुकानातल्या भिंतीवर अशी रायफल सगळ्यांत देखणी दिसते. वर डागाच्या आकाराचं जे म्हटलं ते इथे नेमकं लागू पडतं: पान दहा फुटांवरून पान दिसतं, शंभर फुटांवरून नुसता अंधार.

तिसरी वाट सिरॅमिक रंगाची. यातलं सर्वपरिचित नाव सेराकोट, ओरेगन राज्यातल्या कंपनीचं. पॉलिमरमध्ये सिरॅमिकचे सूक्ष्म कण, सोबत हार्डनर म्हणजे रंग कडक करणारं द्रव्य, आणि फवारल्यावर ओव्हनमध्ये भाजणं. एका थराची जाडी २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी. आपल्याकडे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पार्टला सर्रास पावडर कोटिंग करतात, मग बंदुकीला तेच का नाही, असं कोणीही विचारेल. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. बंदुकीचे सरकणारे भाग इतके घट्ट बसवलेले असतात की तेवढ्याने बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा, अडकतो. शिवाय पावडर भाजायला १८०-२०० अंश सेल्सिअस लागतात, आणि रायफलच्या प्लास्टिकच्या भागांचा त्यात लगदा होईल.

सिरॅमिकच्या कामात दिवस कुठे जातात ते बघा. आधी रायफल सुटी करायची, शेवटच्या स्क्रूपर्यंत. दुर्बीण, तिच्या रिंगा, बोल्ट, घोड्याचा संच, स्प्रिंगा, मॅगझिन सगळं बाजूला. मग तेल काढायचं, आणि हेच या कामातलं सगळ्यांत चिवट प्रकरण. लष्करी रायफलींच्या पोलादावर बहुधा फॉस्फेटचा खरखरीत थर असतो. तो मुद्दाम तेल धरून ठेवण्यासाठीच दिलेला. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल ॲसिटोनच्या एका आंघोळीने जात नाही. म्हणून भाग ॲसिटोनमध्ये भिजवून झाले की कोरडे करून ओव्हनमध्ये साधारण १५० अंशांवर तासभर तापवतात. बाहेर काढले की स्क्रूच्या छिद्रांभोवती, नळी जिथे रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याला) जुळते त्या सांध्यावर, बारीक ओले वळसे दिसतात. ते आतून सुटलेलं तेल. परत भिजवायचं, परत तापवायचं, वळसे दिसेनासे होईपर्यंत. ही पायरी कंटाळा करून सोडली तर रंग त्या दिवशी झक्क दिसतो, आणि भाजताना किंवा पुढे कधीतरी नेमका त्या छिद्रांभोवतीच सुटतो.

मग ब्लास्टिंग. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे धारदार कण हवेच्या दाबाने मारून पृष्ठभाग खरबरीत करायचा, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते. काचेचे गोल मणी इथे चालत नाहीत. ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात. त्यानंतर भागांना उघडा हात लावायचा नाही, बोटाच्या ठशातलं तेलही रंगाखालून दिसतं.

मास्किंगचं कौशल्य कमी लेखलं जातं. नळीच्या आत दोन्ही टोकांनी सिलिकॉनचे बूच, आटे टेपने झाकलेले. काडतूस जिथे बसतं ती जागा, बोल्टचे कुलपासारखे अडकणारे दात, आणि रिसीव्हर दस्त्यात टेकतो ती तळाची जागा: इथे रंगाचा थेंब नको. या शेवटच्या जागेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. नेमबाजीच्या रायफलची अचूकता रिसीव्हर आणि दस्ता एकमेकांवर कसे टेकतात यावर अवलंबून असते, आणि नळी दस्त्याला कुठेही लागू नये म्हणून खाली फट सोडलेली असते. अमेरिकेत ती फट तपासायला डॉलरची नोट खालून सरकवून बघतात. नोट साधारण ११० मायक्रॉन जाड. आता तीन रंगांचे तीन थर एकावर एक आले तर ७५ मायक्रॉन. ते नळीवर आणि फटीच्या आतही बसले तर दीडशे. म्हणजे नोटेपुरती फट होती तर ती गेली. रंगाने बंदूक बिघडत नाही असं म्हणणाऱ्याला हा हिशोब सांगावा.

रंग मिसळताना नेहमीचं माप १८ भाग रंगाला १ भाग हार्डनर. हार्डनर वाढवला की चकाकी येते आणि थर कणखर होतो, कमी केला की फिनिश मंद. कॅमोफ्लाजला मंद हवं, म्हणून इथे थोडी झीज पत्करून चकाकी घालवायची असा सौदा असतो.

नक्षीचा क्रम नवख्याला उलटा वाटतो. पहिला रंग सगळीकडे फवारायचा. भाग ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवून जेमतेम सुकवायचा, म्हणजे वर चिकटवलेलं स्टेन्सिल रंग उचलणार नाही. मग जिथे हा पहिला रंग राहायला हवा तिथे व्हिनाइलचे कापलेले तुकडे चिकटवायचे. वर दुसरा रंग, पुन्हा थोडं सुकवणं, पुन्हा तुकडे, वर तिसरा. या टप्प्यावर रायफल एकरंगी आणि कुरूप दिसते, सगळी नक्षी व्हिनाइलखाली गाडलेली. तुकडे एकेक करून सोलले की खालचे रंग बाहेर येतात. मग शेवटचं भाजणं: धातूला साधारण १२० अंशांवर दोन तास, प्लास्टिक आणि लाकडाला ६५ ते ८० अंशांवर त्याहून जास्त वेळ. दोन रंगांच्या सीमेवरून नख फिरवलं तर पायरी लागते. चांगल्या कामात ती जेमतेम जाणवते. नख अडत असेल तर कारागिराने रंग जाड मारला आहे. सायलेन्सर किंवा नळीचं अतिशय तापणारं टोक असेल तर त्यासाठी ओव्हनऐवजी हवेत सुकणारा, जास्त उष्णता सोसणारा वेगळा प्रकार वापरतात.

वाळवंटी भागातले लोक फिकट रंग मागतात त्याला लपण्याखेरीज आणखी एक कारण आहे. काळी नळी उन्हात लवकर तापते, तिच्यावरून उठणारी गरम हवा दुर्बिणीसमोर लहरते आणि लक्ष्य नाचतं. मातकट नळी उन्हाने कमी तापते.

आता अनुक्रमांक. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे २००२ पासून नव्या बंदुकीवरचा क्रमांक किमान ०.००३ इंच, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन खोल कोरलेला असावा लागतो. एक थर त्यावर बसला तर आकडे स्पष्ट वाचता येतात; तीन थर आणि वर ब्लास्टिंग जोरात झालेलं असेल तर आकडे बुजू लागतात. क्रमांक पुसलेली किंवा बदललेली बंदूक जवळ असणं हा तिथे संघीय गुन्हा आहे. म्हणून शहाणा कारागीर ब्लास्टिंगच्या आधीच क्रमांकावर टेपची पट्टी लावतो आणि त्या जागी एकच थर देतो. धंदा म्हणून लोकांच्या बंदुका रंगवायच्या तर तिथे संघीय परवाना लागतो. बंदूक रात्रभर दुकानात राहिली की नोंदवहीत तिची नोंद करावी लागते. मालकाने परवानाधारकाकडे ती पार्सलने पाठवली तर तो ती परत थेट मालकाच्या घरी पाठवू शकतो.

आपल्याकडे चित्र वेगळं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, आणि उरले ते मुख्यतः पीक किंवा जीव राखायला परवाना घेतलेले लोक आणि नेमबाज. नेमबाजाला कॅमोफ्लाजचा काही उपयोग नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर कांस्यपदक मिळवलं; समोरचं लक्ष्य काही त्याच्याकडे बघत नव्हतं. तरीही परवान्याच्या रायफलला कोणाला रंग द्यायचाच असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम लक्षात ठेवावं: बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा खूण पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. परवान्याच्या नूतनीकरणाला शस्त्र दाखवायचं तर क्रमांक वाचता आलाच पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाड्यांना उत्तम रंग मारणारा ओळखीचा माणूस कितीही कुशल असला, तरी परवान्याशिवाय बंदूक ताब्यात ठेवणं हाच त्याच्यासाठी गुन्हा. ओव्हन त्याच्याकडे असेल, कॉम्प्रेसर असेल, पण रायफल त्याच्या दुकानात रात्रभर ठेवता येत नाही. जायचं तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, आणि दिल्याची पावती घ्यायची.

काम होऊन रायफल हातात आली की ती रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट पुढेमागे करून बघावा, घोड्याची आणि सेफ्टीची चाल तपासावी, नळीतून उजेडाकडे बघून बूच राहिलं नाही ना हे पाहावं. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ताकदीनेच आवळावेत, कारण रंगाने त्यांची बैठक किंचित बदललेली असते. दुर्बीण उतरवून पुन्हा चढवली आहे, म्हणजे आधीचा नेम गेला असं धरूनच चालायचं आणि शिकारीला जाण्याआधी रेंजवर जाऊन ती नव्याने नेमाला आणायची. बरेच लोक रंगाच्या आनंदात हे विसरतात आणि पहिल्या हरणाला चुकवून येतात. रंग तेव्हा अगदी निर्दोष असतो.